बेटी, व्हेरॉनिका आणि टेबल नंबर सात

खरं सांगा, तुम्ही टीम बेटी की टीम व्हेरॉनिका?

मी पहिल्यापासून टीम बेटी. म्हणजे शंभर टक्के, आँखें बंद करके! मोठ्या मावसबहिणीने रद्दीत टाकायला काढलेले आर्चीचे डायजेस्ट मी सहावीत असताना ढापले, आणि तेव्हापासून ती पोनीटेलवाली, गॅरेजमध्ये शिरून आर्चीची खटारा गाडी दुरुस्त करणारी बेटी कूपर म्हणजे मीच, असा माझा ठाम समज. आणि बापाच्या पैशावर उड्या मारणारी, नाक वर करून चालणारी व्हेरॉनिका लॉज म्हणजे... थांबा, ती कोण ते पुढे येईलच.

त्या डायजेस्टमधल्या माझ्या फेव्हरिट गोष्टी असायच्या पॉप टेटच्या दुकानातल्या. रिव्हरडेलमधलं ते चॉकलिट शॉप म्हणजे बर्गर, मिल्कशेक, काउंटरसमोरची उंच स्टुलं आणि अॅप्रन लावलेला गोलमटोल पॉप. जगहेडची उधारी वर्षानुवर्षं चालूच. आणि अधूनमधून एक हमखास फंडा यायचा. बेटीला पैशांची गरज, म्हणून ती वेट्रेस होते. मग व्हेरॉनिका ऐटीत येऊन बसते आणि ऑर्डरवर ऑर्डर सोडते. नाहीतर उलटं. मिस्टर लॉज पॉकेटमनी बंद करतात, आणि जन्मात ग्लास न विसळलेल्या व्हेरॉनिकावर ट्रे उचलायची वेळ येते. दोघींच्या भांडणाचं मूळ कारण आर्ची, पण लढाईचं मैदान हॉटेलचं टेबल. एक उभी, एक बसलेली. सगळी गंमत त्यात!

कुठून आल्या या पोरी?

आर्ची पहिल्यांदा दिसला १९४१च्या डिसेंबरच्या ‘पेप कॉमिक्स’च्या २२व्या अंकात. बेटी आणि जगहेड त्याच अंकात आले. व्हेरॉनिका अवतरली १९४२ मध्ये, म्हणजे बेटी सीनियर! चित्रकार होता बॉब मोंटाना. मॅसॅच्युसेट्समधल्या हेवरहिल गावात तो हायस्कुलात शिकला आणि तिथली पोरं, शिक्षक, अड्डे हे सगळं त्याने रिव्हरडेलमध्ये आणून ठेवलं. व्हेरॉनिकाचं नाव त्या काळची हॉलिवूडची हिरॉइन व्हेरॉनिका लेक हिच्यावरून. १९५० मध्ये या दोघींची स्वतंत्र मालिकाच सुरू झाली, आणि पुढे डॅन डीकार्लो या चित्रकाराने त्यांना तो चेहरा दिला, जो आपल्या डोळ्यांसमोर आहे.

१९५४ मध्ये अमेरिकेत कॉमिक्ससाठी आचारसंहिता आली. रक्तपात, भुतंखेतं, सगळ्यावर बंधनं. आर्चीवाल्यांना त्याचा फारसा फरक पडला नाही, कारण त्यांच्याकडे मुळात मारामारी नव्हतीच. टोमणा, थंड झालेली कॉफी आणि डोक्यावर ओतलेला मिल्कशेक एवढीच त्यांची शस्त्रं. म्हणून तर आपल्याकडे आईबाबांनीही ही पुस्तकं बिनधास्त वाचू दिली. स्टेशनवरचे स्टॉल, लायब्ररी, रद्दीची दुकानं असा फिरत फिरत हा अमेरिकन मुलगा आपल्या घरात शिरला. २०२३ मध्ये झोया अख्तरने ‘द आर्चीज’ केला तेव्हा तिने १९६०च्या दशकातलं एक हिल स्टेशन उभं केलं आणि तिथेही पॉप टेट्स हवंच होतं. २०१७च्या ‘रिव्हरडेल’ मालिकेत तर व्हेरॉनिका चक्क ते दुकानच विकत घेते!

गंमत कुठे संपते?

एक गोष्ट मात्र कॉमिक्स सांगत नाही. बेटी उलट का बोलत नाही? ती गोड आहे म्हणून? थोडंफार असेलही. पण अमेरिकेत वेट्रेसच्या कमाईचा मोठा भाग म्हणजे टिप. १९६६ पर्यंत तर तिथला केंद्रीय किमान वेतनाचा कायदा हॉटेलांना लागूच नव्हता. तो लागू झाला तेव्हा त्याबरोबर एक पळवाटही आली. टिप मिळणाऱ्यांना मालकाने कमी पगार दिला तरी चालेल. आज केंद्रीय किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे, पण टिपवाल्यांसाठी मालकाने खिशातून द्यायची रक्कम फक्त २.१३ डॉलर. तीही १९९१ पासून जागची हललेली नाही. टिप कमी पडली तर फरक मालकाने भरायचा असतो, आणि कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत ही सवलतच नाही. पण बाकी ठिकाणी चित्र साफ आहे. टेबलावर बसलेला माणूस म्हणजे नुसता कस्टमर नाही, तो अर्धा मालक असतो. त्याच्याकडे बघून हसावंच लागतं.

या हसण्याला समाजशास्त्रात नाव आहे. आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या हवाई सुंदरींवर पुस्तक लिहिलं आणि त्याला ‘भावनिक श्रम’ म्हटलं. म्हणजे हातापायांसारखं चेहऱ्यानेही काम करायचं. आतून उकळत असलात तरी बाहेर ‘एनीथिंग एल्स, मॅम?’

हे मला पुस्तकातून कळलं नाही. मी ते केलंय.

माझी रॉनी

२०१८. मास कॉमचं पहिलं वर्ष. दुसऱ्या वर्षाची फी भरायची होती, म्हणून मी फर्ग्युसन रोडजवळच्या एका कॉफी शॉपमध्ये संध्याकाळची शिफ्ट धरली. माझ्याच वर्गात एक मुलगी होती. हुशार, श्रीमंत, स्वतःची स्कूटर. तिला मी मनातल्या मनात रॉनी म्हणायचे. आमच्यात प्रत्येक गोष्टीत चुरस. असाइनमेंटला मार्क कोणाला जास्त, सरांनी कोणाची स्टोरी वाचून दाखवली... आमचा एक आर्चीही होता, गिटारवाला. तो शेवटी दोघींपैकी कोणाच्याच वाट्याला आला नाही, हा भाग वेगळा!

मग एका चॅनेलची इंटर्नशिप आली. जागा एक. मिळाली तिला.

आणि त्याच आठवड्यात ती आठदहा जणांची गँग घेऊन सेलिब्रेट करायला आली. कुठे? माझ्याच कॉफी शॉपमध्ये. टेबल नंबर सात. मी पलीकडचं टेबल पुसत होते. तिने हात वर केला आणि चुटकी वाजवली. टक्. टक्. ‘एक्स्क्यूज मी, जरा लवकर हं!’ सगळे हसले. मीही हसले, कारण युनिफॉर्मवर हसू कंपल्सरी होतं.

त्या चुटकीवर मी पुढची सात वर्षं काढली. आमची नंतर मैत्री झाली, चक्क घट्ट झाली. पण पार्टी असो, ट्रेक असो, कोणाचं केळवण असो, मी तो किस्सा सांगायचेच. अॅक्शनसकट. रॉनी कानकोंडी व्हायची, ‘अगं, किती वेळा सॉरी म्हणू?’ आणि मी आणखी रंगवून सांगायचे. त्यात एक तपशील मात्र मी नेहमी गाळायचे. त्या दिवशी तिची कोल्ड कॉफी मी मुद्दाम काउंटरवर वीस मिनिटं ठेवली होती. बर्फाचं पार पाणी झाल्यावर नेऊन दिली.

गेल्या महिन्यातला शनिवार

बाणेरमधलं एक रेस्तराँ. तुडुंब गर्दी. दिवसभरात माझ्या दोन स्टोरी रिजेक्ट झाल्या होत्या, सकाळपासून पोटात काही नव्हतं. पाऊण तासाने आमच्या टेबलावर जे आलं ते दुसऱ्याच कोणाचं. आणणारा पोरगा असेल अठरा-एकोणीसचा. शर्टाची घडीसुद्धा अजून मोडली नव्हती. मी म्हणाले, ‘तुला कामाला ठेवलं कोणी? अक्कल नावाची गोष्ट आहे की नाही?’ आवाज आजूबाजूच्या टेबलांपर्यंत गेला. तो म्हणाला, ‘सॉरी मॅडम.’ आणि हसला.

ते हसू मी कुठेही ओळखलं असतं.

रॉनी काही बोलली नाही. उठली, त्या पोराच्या मागे गेली, त्याच्याशी दोन मिनिटं काहीतरी बोलली आणि परत आली. आमचं जेवण आलं. अर्ध्या जेवणात मला म्हणाली, ‘मी चुटकी वाजवली तेव्हा एकवीस वर्षांची होते. तू आज अठ्ठावीसची आहेस. आणि तुला तर माहीत होतं गं, तिथे उभं राहिलं की कसं वाटतं.’

मी म्हटलं, ‘मला भूक लागली होती.’

‘मला पण त्या दिवशी इंप्रेशन मारायचं होतं. कारण प्रत्येकाकडे असतं.’

मला घास गिळवेना. मग मी तिला कोल्ड कॉफीचं सांगितलं, सात वर्षांनी पहिल्यांदा. ती बघतच राहिली. मग म्हणाली, ‘तरीच ती इतकी घाण होती! मी वीस रुपये टिप ठेवली होती त्यावर.’ ठेवली होती. आम्ही सगळी टिप एका बरणीत जमवायचो. तिचे वीस रुपये माझ्या फीमध्ये गेले असणार!

निघताना मी त्या पोराला शोधलं आणि ‘माझं चुकलं’ म्हटलं. तो आधी घाबरला, त्याला वाटलं मी पुन्हा तक्रार करायला आले. मग ‘चालतं हो ताई’ म्हणाला. चालत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. पण त्याला सहाव्या टेबलाने हाक मारली होती.

घरी येऊन मी ते डायजेस्ट काढले. कॉमिक्समध्ये बरं असतं. दोन पानांत हिशोब चुकता होतो. उर्मट गिऱ्हाइकाच्या अंगावर आइस्क्रीम सांडतं आणि पुढच्या गोष्टीत दोघी परत एकाच टेबलावर, एकाच ग्लासात दोन स्ट्रॉ. पण एवढी वर्षं माझ्या एक लक्षात आलं नव्हतं. बेटी आणि व्हेरॉनिका यांचे चेहरे बहुतेक वेळा सारखेच काढलेले असतात. फरक फक्त केसांचा. एकीचे सोनेरी, दुसरीचे काळे. बाकी कोण उभी आणि कोण बसलेली, हे त्या दिवशीच्या गोष्टीवर.

तर परत विचारते. तुम्ही टीम बेटी की टीम व्हेरॉनिका? उत्तर द्यायच्या आधी आठवा, शेवटचं बिल देताना तुम्ही समोरच्याशी कसे बोलला होतात.

टेबलावरची पाच पथ्यं

• चुटकी, शुकशुक, ‘ए’ बंद. ‘दादा’, ‘ताई’, नाहीतर नुसता हात वर केला तरी पुरतं.

• ऑर्डर देताना फोन खाली. ‘हां हां, तेच’ म्हणून नंतर भांडू नका.

• पदार्थ बिघडला तर तो करणारा आत असतो, आणणाऱ्यावर जाळ काढू नका. तक्रार मॅनेजरकडे, शांतपणे.

• सर्व्हिस चार्जची सक्ती करता येत नाही. २०२२ ची ही मार्गदर्शक तत्त्वं दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये वैध ठरवली. तो काढायला सांगा, पण वेटरशी हुज्जत घालू नका. चार्ज त्याने लावलेला नसतो.

• टिप द्यायची तर शक्यतो हातात द्या. आणि देताना चेहऱ्याकडे बघा.