झेंडूवरचा फुलकिडा नेमका कोणता?

झेंडूचं उमललेलं फूल पांढऱ्या कागदावर झटकलं की काळपट दोऱ्याच्या बारीक तुकड्यांसारखे, मिलिमीटरभर लांबीचे कीटक सैरावैरा पळू लागतात. शेतकरी त्यांना सरसकट ‘थ्रिप्स’ म्हणतो आणि पंप पाठीला लावतो. पण फुलकिड्यांच्या सहा हजारांवर जाती आहेत, आणि फुलात सापडलेला प्रत्येक जण झेंडूवरच वाढतो असं नाही. शेजारच्या कांद्यावरून वाऱ्याने येऊन तो नुसता टेकलेलाही असेल. म्हणून पिल्लं शोधायची. पिवळसर, बिनपंखी पिल्लं जिथे भेटतात तेच त्या जातीचं खरं यजमान झाड. माझ्या मते पिल्लांविना केलेली नोंद अर्धवटच.

झेंडूच्या पानांवर वाढणारी एक जात आहे, निओहायडॅटोथ्रिप्स सामायुन्कुर. कुदो या जपानी कीटकशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये तिचं वर्णन केलं. पण झेंडू मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा, आणि ही जात देशोदेशी झेंडूवरच सापडत गेली. त्यामुळे तिचं माहेरही तिकडचंच असावं असं मानतात. फुलकिड्याचा फक्त डावा जबडा वाढलेला असतो. त्याने तो पेशीला भोक पाडतो आणि आतला रस ओढून घेतो. रिकाम्या पेशीत हवा शिरते, पान चंदेरी दिसू लागतं, त्यावर विष्ठेचे काळे ठिपके पडतात.

फुलात मात्र बहुधा दुसराच भेटतो, मायक्रोसेफॅलोथ्रिप्स ॲब्डॉमिनॅलिस. झेंडू, सूर्यफूल, गाजरगवत ही एकाच कुळातली, आणि याला या कुळाची फुलं आवडतात. त्याच्या अंगाला चिकटलेल्या परागांतून तंबाखूवरील स्ट्रीक विषाणू पसरतो. २००० साली अनंतपूरच्या भुईमुगात याच विषाणूने हाहाकार माजवला होता. गाजरगवतावर त्याची लक्षणं दिसत नाहीत, पण गाजरगवताच्या परागांत विषाणू असतो. अशा वेळी नुसती फवारणी करून काय साधणार? आधी बांधावरचं गाजरगवत फुलण्यापूर्वी उपटायला हवं.

हा फरक भिंगाने कळत नाही. ओल्या कुंचल्याने कीटक उचलून अल्कोहोलमध्ये ठेवायचा, मग काचपट्टीवर पंख आणि शृंगिका पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. सामायुन्कुरच्या पोटाच्या बाजूंना सूक्ष्म केसांच्या दाट ओळी असतात आणि तपकिरी पुढच्या पंखावर मुळाजवळ फिकट पट्टा. दुसऱ्याचं डोकं शरीराच्या मानाने लहान, आणि पोटाच्या खंडांच्या मागच्या कडेला त्रिकोणी दात्यांची झालर.

काचपट्टीच्या चिठ्ठीवर गाव, तारीख, झेंडूची जात, कीटक पानावर होता की फुलात, आणि पिल्लं होती का, एवढं लिहायलाच हवं. नुसत्या मोबाइलच्या फोटोवर जातीचं नाव ठोकून देऊ नये. शंका असेल तर नमुना बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोतल्या तज्ज्ञांना दाखवावा, आणि काचपट्टी जपून ठेवावी. पुढे कुणाला ती पुन्हा तपासावीशी वाटेल.