कर्करोगाचे निदान आणि वाया जाणारे दिवस

कर्करोगाचे निदान उशिरा झाले, असे आपण वरचेवर ऐकतो. हा उशीर नेमका कोठे होतो, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो. रुग्ण दुखणे अंगावर काढतो हे खरे. परंतु तो डॉक्टरांकडे गेल्यानंतरही पुष्कळ काळ वाया जातो.

तोंडाच्या कर्करोगाचेच पाहा. तंबाखू-सुपारी खाणाऱ्याच्या गालाच्या आतील बाजूस किंवा जिभेच्या कडेला व्रण उठतो. प्रारंभी तो बहुधा दुखत नाही. गावातील डॉक्टर ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या व मलम देतात. यात त्यांना दोष देता येणार नाही. तोंड आल्याच्या बहुतेक तक्रारी साध्याच असतात आणि सामान्य दवाखान्यात कर्करोगाचे नवे रुग्ण वर्षाकाठी मोजकेच येतात. चूक घडते ती दुसऱ्या खेपेस, तेच औषध पुन्हा दिले जाते तेव्हा. तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टा, तोंड पुरते न उघडणे, मानेतील गाठ यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास तज्ज्ञाकडे धाडावे. संशयित जागेचा तुकडा काढून तपासल्यावाचून निदान पक्के होत नाही. पुष्कळदा रुग्णच डॉक्टर बदलतो. जुनी चिठ्ठी जपण्याची सवय आपल्याकडे नाही. त्यामुळे नव्या दवाखान्यात तीन आठवड्यांची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते!

फुफ्फुसाच्या कर्करोगात क्षयाचा भ्रम होतो. खोकला, वजन घटणे, क्ष-किरण चित्रातील छाया ही दोहोंतही आढळतात. थुंकीत जंतू न सापडताही क्षयाची औषधे चालू होतात आणि काही महिने निघून जातात.

हा काळ कमी करता येतो, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लोकांस लक्षणे समजावून सांगत व संशयित रुग्णांना तपासणीस येण्यास उद्युक्त करीत. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान पूर्वीपेक्षा आधीच्या अवस्थेत होऊ लागल्याचे दिसून आले.

डॉक्टरांनी जिल्ह्याच्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली, तरी गाडीभाडे आणि बुडणारी मजुरी यांपायी ती कित्येकदा खिशातच राहते. चिठ्ठी मिळालेला माणूस तेथे पोचला किंवा नाही, याची चौकशी आशा कार्यकर्ती किंवा पंचायत सदस्य आठवडाभरात करू शकतात.