पायली कोणाची, गॅलन कुठला?

परभणी, सेलू, मानवतच्या मोंढ्यांत आज धान्याचा सौदा क्विंटलमध्ये होतो. तरी जुन्या पिढीच्या तोंडी ज्वारीची पायली अजून येते. दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. इंग्रजी मापांतही हेच प्रमाण आढळते : चार क्वार्टांचा एक गॅलन. परंतु अमेरिकी गॅलन सुमारे ३.७८५ लिटरचा, तर ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा. गॅलन कुठला हे न विचारता हिशोब मांडल्यास सुमारे एक पंचमांशाची तफावत पडते.

पायलीचेही तसेच. ती वजन नव्हे, आकारमान मोजते. म्हणून पायलीभर ज्वारी आणि पायलीभर करडई यांचे वजन सारखे भरत नाही. शिगेचे माप आणि सपाट माप यांतही अंतर राहते. १९५६ च्या वजन-माप कायद्यानंतर दशमान पद्धती देशभर टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि हा गोंधळ ओसरला.

तत्त्वार्थसूत्राने मात्र हीनाधिक मानोन्मान हा अचौर्याणुव्रताचा अतिचार मानला आहे. मान म्हणजे प्रस्थादी भरण्याची मापे, उन्मान म्हणजे तराजूची वजने. घेताना मोठे आणि देताना लहान माप वापरणे, हा तो दोष. शेर जाऊन लिटर आले, तरी व्यापाऱ्याचे घेण्याचे आणि देण्याचे माप एकच असले पाहिजे.