लेग-स्पिनचा जीर्णोद्धार

४ मार्च २०२२ रोजीं ऑस्ट्रेलियाचा विख्यात गोलंदाज शेन वॉर्न हा थायलंडमध्यें वयाच्या ५२ व्या वर्षीं अकस्मात् निधन पावला, तेव्हां बहुतेक वृत्तपत्रांनीं एकच वाक्य निरनिराळ्या शब्दांत छापलें : मृतप्राय झालेली लेग-स्पिनची कला या पुरुषानें पुनरुज्जीवित केली. आमच्या घरीं त्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर या वाक्यावरून बराच वाद माजला. वडील मंडळींनीं सुभाष गुप्ते व चंद्रशेखर पाहिलेले. मधल्या पिढीचें दैवत अनिल कुंबळे. आणि मुलांस वॉर्न ठाऊक तो केवळ जुन्या चित्रफितींतून. ज्यानें त्यानें आपापल्या देवाची बाजू घेतली. वाद मिटला नाहीं. पण त्या निमित्तानें आमचें जें मत बनलें तें वाचकांपुढें ठेवावें असें वाटतें.

घरांतील ज्या मंडळींस क्रिकेटचा नाद नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. उजव्या हातानें खेळणाऱ्या फलंदाजाच्या पायांच्या बाजूकडून टप्पा पडतांच बाहेर वळणारा चेंडू म्हणजे लेग-ब्रेक. तो बोटांनीं नव्हे, मनगटानें फिरवावा लागतो. बोटें शिस्तींत राहतात. मनगट मोठें लहरी. तेंच मनगट किंचित् अधिक वळवून चेंडू उलट दिशेस, म्हणजे आंत, आणतां येतो. त्यास गुगली म्हणतात. ही युक्ति इंग्लंडच्या बोझांकेट या गृहस्थानें १९०० च्या सुमारास मैदानांत आणली, आणि तिचा उगम टेबलावर चेंडू फिरविण्याच्या एका घरगुती खेळांत आहे. दिवाणखान्यांतील करमणुकीनें पुढें भल्या भल्या फलंदाजांची झोंप उडविली!

आतां 'मृतप्राय' या शब्दाकडे वळूं. इंग्लंड व ऑस्ट्रेलिया एवढेंच जग मानलें तर तो फारसा चुकीचा नाहीं. १९२५ ते १९३६ या काळांत क्लॅरी ग्रिमेटनें ३७ कसोटी सामन्यांत २१६ बळी घेतले. पुढें रिची बेनो २४८ बळी घेऊन १९६४ सालीं निवृत्त झाला, आणि त्यानंतर तेथील परंपरा क्षीण होत गेली. कारणेंही उघड आहेत. इंग्लंडांत खेळपट्ट्या पावसापासून झांकून ठेवण्याची चाल पडली. मर्यादित षटकांच्या सामन्यांत एकेका धांवेचा हिशेब होऊं लागला. वेस्ट इंडीजनें चार वेगवान गोलंदाज एकदम उभे करून जिंकण्याचा एक नवा मार्ग दाखविला. लेग-स्पिनर म्हणजे घरांतला उधळ्या मुलगा. दहा वेळां पैसे घालवील, अकराव्या वेळीं कदाचित् घबाड आणील. असा मुलगा कर्णधारांस परवडेनासा झाला.

परंतु याच काळांत आपल्या बाजूच्या जगांत काय चाललें होतें? बालपणीं पोलिओनें ज्यांचा हात दुबळा झाला त्या चंद्रशेखरांनीं त्याच हातानें १९७१ सालीं ओव्हलच्या मैदानावर ३८ धांवांत ६ बळी घेऊन भारतास इंग्लंडांतील पहिला मालिका-विजय मिळवून दिला. पाकिस्तानच्या अब्दुल कादीरनें १९८७ सालीं लाहोरास इंग्लंडविरुद्ध एकाच डावांत ५६ धांवांत ९ गडी बाद केले. नरेंद्र हिरवाणी यांनीं जानेवारी १९८८ मध्यें मद्रासेस पहिल्याच कसोटींत वेस्ट इंडीजचे १६ गडी टिपले. २५ मार्च १९९२ रोजीं विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत मुश्ताक अहमदनें इंग्लंडचे तीन मोहरे उडविले, आणि तेही वॉर्नच्याच गांवीं, मेलबर्नला. १९९३ च्या आरंभीं इंग्लंडचा संघ भारतांत आला असतां कुंबळे यांनीं तीन कसोट्यांत २१ बळी घेतले. जी कला मेली म्हणतात, तिनें इंग्लंडची अशी दाणादाण उडवावी, हें नवलच नव्हे काय? देवळाचें शिखर ढांसळलें म्हणून देवाची पूजा बंद पडली असें कोणीं म्हणूं नये. मागल्या ओवरीवर ती चालूंच होती.

सुभाष गुप्ते यांचें नांव येथें मुद्दाम घेतों, कारण तरुण वाचकांपैकीं कित्येकांनीं तें ऐकलेंही नसेल. मुंबईचा हा गोलंदाज १९५८ सालीं कानपुरास वेस्ट इंडीजविरुद्ध एका डावांत ९ गडी बाद करता झाला. उरलेला एक वसंत रांजणे यांच्या वाट्यास आला. ३६ कसोट्यांत १४९ बळी मिळविणाऱ्या गुप्त्यांस गॅरी सोबर्ससारखा खेळाडू आपण पाहिलेला सर्वश्रेष्ठ लेग-स्पिनर मानी. आणि शेवट कसा झाला? डिसेंबर १९६१ मध्यें दिल्लीच्या कसोटीच्या वेळीं, खोलींतील सोबत्यानें हॉटेलांतील एका बाईंस केलेल्या दूरध्वनीवरून दोघांसही संघाबाहेर काढण्यांत आलें. गुप्ते तेव्हां नुकतेच बत्तीस वर्षांचे झाले होते; त्यानंतर ते भारतातर्फे खेळले नाहींत. पुढें ते पत्नीच्या देशीं, त्रिनिदादला स्थायिक झाले आणि २००२ सालीं तेथेंच वारले. कला मरते ती अशीही मरते. त्यास वेगवान गोलंदाजच लागतात असें नाहीं.

मग वॉर्ननें केलें तरी काय? ४ जून १९९३ रोजीं मँचेस्टरला, इंग्लंडांतील कसोटींत त्याचा पहिलाच चेंडू. तो हवेंत आंत झुकला, माइक गॅटिंगच्या पायांबाहेर पडला, आणि त्याच्या बॅटीस हुलकावणी देऊन पलीकडील यष्टीवर आदळला. गॅटिंग फिरकी खेळण्यांत वाकबगार समजला जाई. तो क्षणभर जागचा हलेना. पण एका चेंडूनें जीर्णोद्धार होत नसतो. वॉर्नचें खरें कर्तृत्व आम्हांस निराळेंच दिसतें. त्यानें उधळ्या मुलास हिशेबी बनविलें. १४५ कसोट्यांत ७०८ बळी, आणि षटकास सरासरीनें पावणेतीन धांवांहूनही कमी! इतका मोठा वळसा आणि इतकी काटकसर एका हातीं असल्यावर कर्णधारांस भीति कशाची? ग्रिमेटही काटकसरी होता हें खरें. पण त्याचा काळ लोक विसरले होते. शिवाय ज्या काळांत गुगली हीच लेग-स्पिनरची तलवार मानली जाई, त्या काळांत वॉर्ननें साधा लेग-ब्रेकच मुख्य शस्त्र केला. १९९४ च्या दौऱ्यांत तो आवर्जून कादीरच्या घरीं गेला होता. पेटलेली पणती कोठें आहे हें त्याचें त्यास ठाऊक होतें. भारतांत मात्र ही जादू फारशी चालली नाहीं. भारताविरुद्ध १४ कसोट्यांत त्यास ४३ च बळी मिळाले, आणि प्रत्येकास ४७ धांवांहून अधिक मोजाव्या लागल्या.

पुनरुज्जीवनाची खरी कसोटी मागून येणाऱ्यांत असते. वॉर्न २००७ सालीं कसोटींतून निवृत्त झाला, मॅक्गिल त्याच्या पुढल्या वर्षीं. नंतर ऑस्ट्रेलियानें एकामागून एक माणसें आजमावलीं. ब्राइस मॅकगेन यास २००९ सालीं केपटाऊनला एकच कसोटी मिळाली, तींत १४९ धांवा देऊन एकही बळी नाहीं. स्टीव्ह स्मिथ २०१० च्या सुमारास लेग-स्पिनर म्हणूनच संघांत आला आणि जगप्रसिद्ध फलंदाज झाला! अखेर गादी मिळाली ती नेथन लायन या ऑफ-स्पिनरास. कसोटींत परंपरा पुढें नेली ती पुन्हां पाकिस्तानच्या यासिर शाहनें. ग्रिमेटहून तीन सामने कमी खेळून त्यानें २०१८ सालीं २०० बळी पुरे केले. वीस षटकांच्या खेळांत लेग-स्पिनर उदंड झाले हें आम्ही नाकारीत नाहीं. पण अफगाणिस्तानच्या राशिद खानचा झपाट्यानें येणारा चेंडू व फसवी गुगली पाहिली, कीं त्याचें गोत्र वॉर्नपेक्षां कुंबळे-कादीरांशीं जुळतें असें आम्हांस वाटतें.

तेव्हां आमचा निकाल असा कीं, वॉर्ननें कला जिवंत केली नाहीं. तिची गेलेली पत परत आणली, तीही मुख्यतः स्वतःपुरती. ती त्यास आणतां आली, कारण त्यास थोडी सवड मिळाली. १९९२ च्या जानेवारींत सिडनीस पहिल्या कसोटींत रवि शास्त्री व तेंडुलकर यांनीं त्याची पिटाई केली. १५० धांवांत एकच बळी. पुढें ऑगस्टांत कोलंबोच्या कसोटीचा शेवटचा डाव सुरूं झाला तोंवर त्याच्या नांवावर ३३५ धांवा आणि तोच एक बळी होता. तरी कर्णधार बॉर्डरनें चेंडू त्याच्याच हातीं दिला, आणि शेवटचे तीन गडी बाद करून त्यानें सामना १६ धांवांनीं जिंकून दिला. आपल्या लक्ष्मण शिवरामकृष्णन् यांनीं १९८४ सालीं मुंबईस इंग्लंडचे १२ गडी बाद केले होते. वयाच्या विसाव्या वर्षींच त्यांची कसोटी कारकीर्द आटोपली.

आमच्या घरांतील बारा वर्षांचा मुलगा लेग-ब्रेक टाकतो. गेल्या महिन्यांत त्याच्या एका षटकांत वीस धांवा निघाल्या, आणि त्याच्या शिक्षकांनीं त्यास मध्यमगति टाकण्याचा सल्ला दिला. आजोबांनीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं अंगणांत खडूनें एक वर्तुळ काढलें आणि वेताची खुर्ची यष्टींच्या जागीं ठेविली. चेंडू अजून बहुधा तुळशीवृंदावनावरच आदळतो.