मेस्सी की रोनाल्डो? आणि माझा परत आलेला सिनॉप्सिस



सिनॉप्सिसमध्ये ‘कार्यात्मक व्याख्या’ हा मुद्दा आला की आपल्यापैकी बरेच जण शब्दकोशातलं एखादं वाक्य चिकटवतात आणि पुढे सरकतात. मीही तेच केलं होतं. माझ्या शीर्षकात ‘प्रभावी शिक्षक’ असा शब्द होता. समितीतल्या मॅडमनी शांतपणे विचारलं, “एखादा शिक्षक प्रभावी नाही, हे तुम्ही कशावरून ठरवणार?” मला काही सुचेना. सिनॉप्सिस परत आला आणि चार महिने गेले.

उत्तर सापडलं ते मेसमध्ये, मेस्सी-रोनाल्डोच्या भांडणात. हसू नका, नीट बघा.

आधी सांगून टाकतो, मी मेस्सीवाला. रोनाल्डोवाल्या मित्राला गप्प करायचं माझं आवडतं वाक्य होतं, “तुझा माणूस मोठ्या सामन्यात दिसतच नाही. वर्ल्ड कपच्या बाद फेरीत आठ सामने, शून्य गोल.” आकडा खरा आहे. 2006 ते 2022 या पाच वर्ल्ड कपमध्ये रोनाल्डो बाद फेरीचे आठ सामने खेळला आणि त्यात त्याचा एकही गोल नाही.

आता गंमत ऐका. 2022 ची स्पर्धा सुरू झाली त्या दिवशी मेस्सीचा हिशोब काय होता? बाद फेरीत आठ सामने, शून्य गोल. अगदी तोच! मग पुढच्या महिन्याभरात त्याने ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स आणि क्रोएशियाविरुद्ध प्रत्येकी एक आणि अंतिम सामन्यात फ्रान्सविरुद्ध दोन गोल केले. म्हणजे चार सामन्यांत पाच. आणि त्यानंतरच मला अचानक साक्षात्कार झाला की मोठेपणा मोजायची खरी पट्टी म्हणजे बाद फेरीतले गोल. त्याआधी मी ही पट्टी एकदाही काढली नव्हती.

संशोधनात याला म्हणतात निकाल बघून मोजमाप निवडणं. आपण विदा चाळतो, कुठला चल आपल्या बाजूने बोलतोय ते बघतो आणि मग प्रबंधात असं लिहितो की जणू पहिल्या दिवसापासून तोच चल मोजायचा होता.

बरं, पट्टी आधी ठरवली म्हणजे काम संपलं असंही नाही. ‘बाद फेरीतला गोल’ एवढी साधी गोष्ट मोजायला घ्या. रोनाल्डोच्या आठमधला एक सामना 2006 चा, जर्मनीविरुद्धचा तिसऱ्या क्रमांकाचा. त्यात हरल्यावर कोणी बाद होत नाही, मग तो धरायचा का? मेस्सीच्या पाचपैकी तीन गोल पेनल्टीचे आहेत, ते धरायचे? (मेस्सीवाले रोनाल्डोला ‘पेनाल्डो’ म्हणतात, रोनाल्डोवाले मेस्सीला ‘पेस्सी’. दोघांची शिवी एकाच कारखान्यातली.) 2006 मध्ये इंग्लंडविरुद्ध शूटआउटमधली निर्णायक किक रोनाल्डोची होती. पोर्तुगाल त्यावर उपांत्य फेरीत गेलं, पण नियमाप्रमाणे ती गोलांत धरत नाहीत. आणि 2022 मध्ये तो बाद फेरीच्या दोन्ही सामन्यांत बदली म्हणून उतरला. मग सामने मोजायचे की मिनिटं? यातला प्रत्येक निर्णय लिहून काढायचा, सामना बघायच्या आधी. कार्यात्मक व्याख्या म्हणजे एवढंच. शब्दाचा अर्थ सांगायचा नसतो, काय मोजणार आणि काय वगळणार ते सांगायचं असतं.

वैधतेचं उदाहरणही इथेच मिळतं. मित्राची पट्टी होती ट्रॉफी. 2016 च्या जून महिन्यात कोपा अमेरिकाच्या अंतिम सामन्यात चिलीविरुद्ध शूटआउटमध्ये मेस्सीची किक बारवरून गेली आणि अर्जेंटिना हरली. दोनच आठवड्यांनी युरोचा अंतिम सामना झाला. रोनाल्डो गुडघ्याच्या दुखापतीमुळे अर्ध्या तासाच्या आतच बाहेर गेला, जादा वेळेत एडरने गोल केला आणि पोर्तुगाल जिंकलं. ट्रॉफीच्या पट्टीवर रोनाल्डो एक, मेस्सी शून्य. ही पट्टी नक्की काय मोजतेय? त्याच्या आदल्या वर्षी कोपाच्या अंतिम सामन्यात मेस्सीने आपली किक गोलात मारली होती आणि अर्जेंटिना तरीही हरली. तेव्हा मी घसा कोरडा करून सांगायचो की ट्रॉफी संघाची असते, एकट्याला कसला दोष देता. डिसेंबर 2022 नंतर मी काय म्हणायला लागलो? “वर्ल्ड कप आहे का तुझ्याकडे?”

आपण सगळे एकच सामना बघतो, मग भांडतो कशाला, असं वाटत असेल तर हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल यांचा 1954 चा शोधनिबंध वाचा. 1951 मध्ये डार्टमथ आणि प्रिन्स्टन यांच्यात अमेरिकन फुटबॉलचा एक धसमुसळा सामना झाला. त्यात प्रिन्स्टनचा स्टार खेळाडू डिक कॅझमायर याचं नाक फुटलं. दोघांनी दोन्ही कॉलेजच्या विद्यार्थ्यांना त्या सामन्याची एकच फिल्म दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथ संघाचे नियमभंग डार्टमथच्या मुलांना सरासरी 4.3 दिसले, प्रिन्स्टनच्या मुलांना 9.8. म्हणून तर आपल्याकडे निरीक्षणसूची वापरली की दुसरा निरीक्षक लागतो आणि दोघांच्या नोंदी किती जुळतात ते दाखवावं लागतं.

मॅडमचा प्रश्न मात्र याच्याही आधीचा होता. काय घडलं तर तू तुझं विधान मागे घेशील? मी मित्राला हे एकदा विचारलं होतं, 2022 च्या आधी. तो म्हणाला, “मेस्सीने वर्ल्ड कप जिंकला की मान्य.” जिंकल्यावर म्हणाला, “पेनल्टीवर जिंकला.” मी त्याला खूप हसलो. मग त्याने तोच प्रश्न मला विचारला. मी जेवण संपवून उठलो.

त्या रात्री शीर्षकातून ‘प्रभावी’ काढून टाकलं. त्या जागी लिहिलं: एका तासिकेत शिक्षकाने विद्यार्थ्यांना विचारलेल्या, एका शब्दात उत्तर देता येणार नाही अशा प्रश्नांची संख्या. उजळणीची तासिका वगळून. दोन निरीक्षक, स्वतंत्र नोंदी. दिसायला अगदीच किरकोळ वाटत होतं. मॅडमनी वाचलं, ‘उजळणी’ या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारली आणि म्हणाल्या, “याची व्याख्या?”