दगडातला जिवंत भेक

खाणीत घणाचा घाव बसतो, शिळा दुभंगते आणि आतल्या पोकळीतून एक जिवंत भेक बाहेर पडतो. पोकळी बरोबर त्याच्या अंगाच्या मापाची, आणि आत शिरायला कुठेही वाट नाही. युरोपात ही हकिगत काही शतकं सांगितली गेली, आणि सांगणारे सगळेच काही पारावरचे गप्पिष्ट नव्हते. आंब्रुआज पारे हा सोळाव्या शतकातला फ्रान्सच्या राजदरबारचा नामांकित शल्यवैद्य. त्यानेही पॅरिसजवळ फोडलेल्या दगडात असा धडधाकट भेक निघाल्याचं लिहून ठेवलं आहे. भेक म्हणजे आपल्याकडे सरसकट ‘बेडूक’ म्हणून खपणारा, खडबडीत कातडीचा, आखूड पायांचा, पाण्यापेक्षा जमिनीवर रमणारा प्राणी. त्याच्या या कथेला भाकडकथा म्हणून मोडीत काढणं सोपं आहे, पण घाईचं आहे. कथेत काही निरीक्षणं आहेत आणि त्यांवरून काढलेला एक निष्कर्ष आहे. निरीक्षणं बऱ्याच अंशी खरी आहेत. ‘दगड घडताना हा जीव आत अडकला आणि तेव्हापासून जिवंत राहिला’ हा निष्कर्ष तेवढा खोटा आहे. लोककथा तपासताना या दोन गोष्टींचा हिशेब वेगवेगळा मांडायला हवा.

दगडातून जिवंत ससा किंवा कबूतर निघाल्याची कथा रुजली नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. भेकाचीच रुजली, याला कारण त्याची शरीररचना आहे. सस्तन प्राण्यांसारखं अंग सतत ऊबदार ठेवण्यात तो अन्न जाळत नाही, म्हणून थोडक्यात भागवतो आणि वेळ पडली तर महिनोन्‌महिने उपाशी राहतो. तो तोंडाने पाणी पीत नाही. पोटाखालच्या आणि मांड्यांजवळच्या पातळ त्वचेतून ओल शोषून घेतो. ओलसर मातीला नुसतं पोट टेकलं तरी त्याची तहान भागते. प्राणवायूचा काही वाटाही त्वचेतूनच मिळतो. भेकांच्या कुळाबाहेरचे पण त्यांच्यासारखेच जमिनीत पुरून घेणारे उभयचर तर याही पुढचे. अमेरिकेच्या सोनोरा वाळवंटातले काही बेडूक वर्षातले आठ-दहा महिने जमिनीखाली काढतात. ऑस्ट्रेलियातल्या काही जाती मूत्राशयात पाणी साठवतात, टाकलेल्या कातडीच्या थरांचं वेष्टन अंगाभोवती करून घेतात आणि पावसाची वाट पाहत निपचित पडून राहतात. ‘मॅकबेथ’मधल्या चेटकिणींच्या कढईत पडणारा पहिला जिन्नस म्हणजे थंड दगडाखाली महिनाभर झोपून विष पाझरणारा भेक. चेटूक बाजूला ठेवलं तर शेक्सपिअरने दिलेली माहिती ठाकठीक आहे: भेक दगडाखाली राहतो आणि त्याच्या कातडीतल्या ग्रंथींतून खरोखरच विष पाझरतं. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातल्या मंडूकसूक्तातही वर्षभर गप्प पडून राहणारे आणि पावसाच्या चाहुलीने बोलू लागणारे बेडूक आहेत. ही माणसं डोळे उघडे ठेवून पाहत होती, यात शंका नाही.

पाहणं आणि पडताळणं यांतलं अंतर मात्र विल्यम बकलंडने मोजलं. ऑक्सफर्डचा हा भूगर्भशास्त्रज्ञ पेशाने धर्मोपदेशकही होता, 1824 साली ‘मेगालोसॉरस’ या डायनोसॉरचं पहिलं शास्त्रीय वर्णन त्यानेच केलं, आणि दिसेल तो प्राणी एकदा खाऊन पाहण्याबद्दलही त्याची ख्याती होती. भेकांना त्याने खाल्लं नाही, कोंडलं. चुनखडकाच्या एका मोठ्या ठोकळ्यात बारा आणि घट्ट वाळूखडकाच्या दुसऱ्या ठोकळ्यात बारा असे खळगे कोरून घेतले. चुनखडक सच्छिद्र, हवा-पाणी झिरपू देणारा. वाळूखडक जवळजवळ अभेद्य. प्रत्येक खळग्यात वजन करून एकेक भेक ठेवला, वर काच बसवली, सांधे बुजवले आणि नोव्हेंबर 1825 मध्ये दोन्ही ठोकळे बागेत तीन फूट खोल पुरून टाकले. वर्षभराने उकरून पाहिलं तेव्हा वाळूखडकातले सगळे मेलेले, कुजलेले. चुनखडकातले लहान भेकही मेले होते, पण मोठ्यांपैकी बरेचसे जिवंत होते आणि दोघांचं वजन चक्क वाढलं होतं! त्यातल्या एकाच्या खळग्यावरच्या काचेला तडा गेलेला आढळला. म्हणजे बारीक किडे आत शिरत होते आणि कैद्याला घरपोच जेवण मिळत होतं. वाचलेल्यांना बकलंडने पुन्हा पुरलं. दुसऱ्या वर्षी अधूनमधून काचेतून डोकावलं तर ते डोळे उघडे ठेवून जागे असत, दर खेपेला आधीपेक्षा वाळलेले. ते वर्ष सरेपर्यंत एकही उरला नाही. आजच्या कुठल्याही प्राणिप्रयोग समितीने हा खटाटोप मंजूर केला नसता, आणि ते योग्यच झालं असतं. पण निकाल स्वच्छ होता. सच्छिद्र दगडात भेक काही काळ तग धरतो, हवाबंद दगडात मरतो, आणि वजन वाढवायचं असेल तर फट लागतेच.

यावर एक आक्षेप निघतो. धडधाकट भेक अचानक कोंडला तर तो मरणारच. हळूहळू अडकलेला भेक कदाचित गाढ सुप्तावस्थेत जाऊन टिकेल, मग या प्रयोगाने काय सिद्ध झालं? बकलंडचे भेक सुप्तावस्थेत गेले नव्हते, हे खरं आहे. पण सुप्तावस्था म्हणजे शून्य खर्च नव्हे. शरीराचा व्यवहार कितीही मंदावला तरी चरबी जळते आणि प्राणवायू लागतो. ऑक्सफर्डच्या आसपासचा असा चुनखडक सुमारे सोळा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. पाळलेला भेक तीस-पस्तीस वर्षं जगला तरी त्याचं कौतुक होतं. हा फरक कुठल्याही झोपेने भरून निघत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: इतक्या खाणकामगारांनी शपथेवर सांगितलं, ते सगळे खोटारडे होते का? नव्हते, आणि तसं मानायची गरजही नाही. डिंभकाचं रूप टाकून पाण्याबाहेर येणारं भेकाचं पिल्लू जेमतेम सेंटीमीटरभर असतं. ते एखाद्या चिरेतून आत शिरतं, आतल्या ओलाव्यात येणारे किडे खात वाढतं आणि काही महिन्यांत त्याच चिरेतून बाहेर पडता येणार नाही इतकं मोठं होतं. पुढे घणाचा घाव बसतो, ज्या तुकड्यात ती चीर होती त्याचाच भुगा होतो, आणि कामगाराला दिसतो तो फक्त भेक आणि पोकळी. बकलंडनेही साधारण हाच उलगडा सुचवला होता. कामगाराने पाहिलं ते खरं, त्याला जे दिसलं नाही ते निर्णायक.

लबाडी अजिबात नव्हती असंही नाही. इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या बूथ संग्रहालयात गारगोटीच्या पोकळ गोळ्यात बसलेला एक सुकलेला भेक आहे. 1901 साली तो विद्वानांपुढे आणणारा गृहस्थ चार्ल्स डॉसन. पुढे 1912 मध्ये आदिमानवाचा पुरावा म्हणून ‘पिल्टडाउन मानवा’ची कवटी पुढे करणाराही हाच. ती कवटी बनावट असल्याचं 1953 मध्ये उघड झालं, त्यानंतर या भेकाकडेही संशयाने पाहिलं जाऊ लागलं. पण डॉसनला ही वस्तू खपवता आली, कारण कथा आधीच लोकांच्या मनात घर करून होती. आणि बकलंडनंतरही ती मेली नाही. इंग्रज कवी रोझेटीने 1870 साली ‘जेनी’ या कवितेत दगडातल्या भेकाची प्रतिमा वापरली. 1955 च्या एका अमेरिकी व्यंगपटात पाडलेल्या इमारतीच्या कोनशिलेतून गाणारा बेडूक निघाला.

दगडात खरोखर संसार थाटणारा भेक पाहायचा तर आपल्याला इंग्लंडला जायला नको. सह्याद्रीतल्या आंबोलीच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर अंगठ्याएवढा, कुशीवर वाघासारखे पट्टे असलेला एक भेक राहतो. ‘झँथोफ्रायनी टायगेरिना’ या नावाने त्याचं वर्णन 2009 साली प्रसिद्ध झालं आणि पुढे ‘आययूसीएन’ या निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला. सडा तापलेला आणि कोरडा असतो तेव्हा हा दगडांच्या आडोशाला दडलेला असतो. पहिल्या पावसांत बाहेर येतो आणि कातळावरच्या वीतभर डबक्यांत अंडी घालतो. पाऊस दडला की डबकं आटतं आणि ती पिढी तिथेच संपते. हा सगळा खेळ थोड्या दिवसांचा आणि थोड्याशा कातळाचा. म्हणून पहिल्या पावसात आंबोलीला जाणाऱ्यांनी सड्यावर गाडी घालू नये, डबक्यांत पाय टाकू नये, आणि कुतूहलापोटी एखादा दगड उलटलाच तर तो होता तसा, हलक्या हाताने, परत ठेवावा.