मोडीत जाते ती घडणावळ

तांब्याच्या भांड्याची किंमत दोन हिशेबांनी होते. एक धातूची आणि दुसरी घडणावळीची. नवे भांडे घेताना आपण दोन्ही मोजतो. जुने भांडे मोडीत घालताना मात्र तराजूत फक्त धातू चढतो, घडणावळ शून्य धरली जाते. वर मळ आणि कल्हईची घट कापतात ती वेगळीच. १९५०-६०च्या काळात हाताने ठोकून घडवलेले घंगाळ, हंडा किंवा देग अशा रीतीने विकणे हा सरळ तोट्याचा सौदा आहे.

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी या हुनरासाठी मशहूर आहे. तेथील तांबट मूळचे कोकणातले, पेशवाईत पुण्यात येऊन स्थायिक झालेले. पत्रा गोल कापायचा, भट्टीत लाल करून पाण्यात विझवायचा, म्हणजे तो मऊ पडतो. मग ठोकून त्याला खोली आणायची. ठोकताना तांबे पुन्हा कडक होते, म्हणून पुन्हा भट्टी आणि पुन्हा हातोडा. शेवटी मठारकाम, म्हणजे गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने एकाला एक लागून दिलेले ठोके. पुष्कळांना मठार ही नुसती नक्षी वाटते. मुळात ती मजबुती आहे. त्या ठोक्यांनी पत्रा कडक होतो आणि भांड्याला सहसा पोचा पडत नाही. चमक ही वरची कमाई.

पुढे स्टेनलेस स्टील घरोघर शिरले. त्याला कल्हईचा खर्च नाही. गिझर आला आणि बंब माळ्यावर गेला. प्रेसवर दाबलेली तांब्याची भांडीही बाजारात आली. हातमागानंतर यंत्रमाग आला तेव्हा काय झाले, हे मालेगाव-भिवंडीच्या व्यापाऱ्यांना सांगायला नको. काश्मीरमध्ये तर हाताने काम करणाऱ्या ठठेऱ्यांच्या रोजीसाठी ठरावीक तांब्याची भांडी यंत्रावर बनवण्यास मनाई करणारा कायदा २००६ साली करावा लागला.

पारख कशी करावी?

हाताचे ठोके ओळीत असतात, पण दोन ठोके हुबेहूब सारखे नसतात. यंत्राचा ठसा ठरावीक अंतराने तोच तो येतो. मोठ्या जुन्या भांड्यात पत्र्याचे दोन भाग जोडलेली जागा पिवळसर रेघेसारखी दिसते, कारण जोड पितळी डाकाचा असतो. काठ आणि तळ हाताने चाचपून पाहावा, जाडी थोडी कमी-जास्त लागते. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर नुसता तांब्याचा मुलामा आहे, असे समजावे. जुना माल तेजाबाने घासू नये. चिंच किंवा लिंबू-मीठ पुरेसे आहे.

स्वयंपाकाच्या भांड्याला कल्हई हवीच, नाहीतर आंबट पदार्थ कळकतो. भांडे तापवून नवसागराची पूड टाकतात, ती तांब्यावरचा मळ काढते. मग कथील लावून कापसाने फिरवतात. कथील २३२ अंशांना वितळते, तर तांबे १०८५ अंशांना, म्हणून भांडे शाबूत राहते आणि कथील पसरते. या कामात आपल्या समाजातील कारीगर पुष्कळ होते. गल्लीतली ती हाक आता क्वचितच ऐकू येते. जुनी देग पुन्हा चुलीवर चढायची असेल, तर कल्हईवाल्याचा हातही टिकला पाहिजे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जुन्या भांड्यावर ठिपक्यांनी कोरलेले नाव असते, कधी तारीखही असते. ते नाव विकत घेणाऱ्याचे किंवा आहेर देणाऱ्याचे असते. घडवणाऱ्याचे नाव बहुधा नसतेच. आमच्या कापडधंद्यात ठाणाच्या काठावर मिलचे नाव छापलेले असते आणि गिऱ्हाईक त्या नावाचे पैसे देते. ज्या मालावर नाव नाही, तो वजनावरच विकला जातो.

म्हणून व्यापारी बंधूंनी जुने भांडे मोडीत देण्यापूर्वी त्याची पारख करावी आणि ते भांडे म्हणूनच विकावे. आणि आज हातोडा चालवणाऱ्या कारीगराने प्रत्येक नगाच्या तळाला आपले नाव, गाव आणि साल जरूर ठोकावे. पन्नास वर्षांनी तो नग बाजारात येईल, तेव्हा त्याची घडणावळही मोजली जाईल.